कंसातले आकडे

जुनागढ
ता. ६ फेब्रुवारी २००४

चि. दक्षाबेन,

जय माताजी. तू बरी असशील. तुझ्या आईच्या, बांच्या, उजव्या हातात आता थोडी ताकद आली का? लकवा झालेल्या माणसाला तिळाच्या तेलाने रोज चोळायला हवं, दोन दिवस चोळून सोडून द्यायचं नाही.

पाच वर्षांनी पत्र बघून तू आधी पाकीट उलटंसुलटं करशील. मीच आहे, जेंतीभाईच्या टायपिंगच्या दुकानातली मुक्तामासी. अक्षर गिचमिड आहे. मशीनवर मारलं असतं तर नीट आलं असतं, पण दुकानात बसून हे मारायचं नव्हतं.

इकडे थंडी सरली. केसर आंब्याला मोहोर चांगला धरलाय. जेंतीभाईने तीन नवे कॉम्प्युटर आणलेत. पोरं येतात, स्वतःच बसून टाइप करतात, स्वतःच चुका करतात आणि वर मलाच विचारतात, मासी, हे लाल का दिसतंय. माझा गुडघा दुखतो. बाकी ठीक.

कामाचं लिहिते. तुझे गाइड वसावडासाहेब एकतीस मार्चला निवृत्त होतायत. परवा स्वतःच्या लेखांची यादी टाइप करून घ्यायला दुकानात आले होते. तुझा भुईमुगाच्या शेंगेच्या टिक्का रोगावरचा प्रबंध विद्यापीठाने परत केला, त्यानंतर त्यांनी माझ्यासमोर तुझं नाव कधी काढलं नव्हतं. परवा काढलं. म्हणाले, त्या मुलीच्या हातात काहीतरी पुरावा असता तर जाता जाता मी प्रबंध पुन्हा दाखल करून घेतला असता. माझी सही एकतीसपर्यंतच चालते, नंतर तिचा वाली कोण.

आणि योगायोग बघ. मागच्या खोलीत झाडलोट करताना तुझ्या फ्लॉपी सापडल्या. तुझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या अजून चिकटलेल्या आहेत.

जुनं मशीन जेंतीभाईने टाकलेलं नाही. बँकेने काढून टाकलेलं, ह्याने उचलून आणलेलं, ते. आठवतं ना कसं होतं? टायपिंगचा प्रोग्राम उघडा असताना तुझा तो संदर्भांचा प्रोग्राम उघडला की वाळूचं घड्याळ यायचं आणि अर्ध्या तासाचं टायपिंग गिळून मशीन गार पडायचं. दोन्ही एका वेळी त्याला झेपायचेच नाहीत. मग आपण दोघींनी तोड काढली. त्या प्रोग्राममधली संदर्भांची पेटी बंद ठेवायची. मजकुरात जिथे कुणा शास्त्रज्ञाचं नाव आणि साल यायला हवं तिथे नुसता कंस करायचा आणि त्यात पेटीतल्या त्या लेखाच्या कार्डाचा आकडा टाकायचा. सगळं टायपिंग संपलं की एकदाच पेटी उघडायची, हुकूम द्यायचा आणि डबा खायला बसायचं. आपला डबा संपेपर्यंत मशीन एकेका कंसात नाव-साल भरायचं आणि शेवटी यादी लावून द्यायचं. तू थेपले आणायचीस, माझी लसणाची चटणी.

फ्लॉपी लावून बघितली. तुझी दोनशे अकरा कार्डं जशीच्या तशी आहेत. म्हणजे तुझं काही चुकलं नव्हतं. घोळ मशीनने घातला. जुनं मशीन, त्याला कोण विचारणार. साहेबांना एवढं दाखवलं की काम होईल. तू एकदा येऊन अर्जावर सही करून जा. एसटीने तीन तास.

लवकर कळव.

तुझी
मुक्तामासी


जुनागढ
ता. २१ फेब्रुवारी २००४

चि. दक्षाबेन,

जय माताजी. तुझं उत्तर नाही. मी म्हटलं भवनाथच्या मेळ्यामुळे टपाल अडकलं असेल. शिवरात्रीचे पाच दिवस इथे रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा नव्हती, दुकान बंदच होतं. पण मेळा उठला, साधू गेले, पोस्टमन रोज येतो आणि तुझं पत्र नाही. मग उत्तर नसणं हेच उत्तर, एवढं मला कळतं.

मी वसावडासाहेबांकडे फ्लॉपी घेऊन गेले होते. त्यांना म्हटलं, साहेब, मशीनने घोळ घातला. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "मुक्ताबेन, मशीन शेंगा इकडच्या तिकडे करेल एक वेळ. पण त्यात गाई कुठून आणेल?"

मी घरी आले. दोन दिवस भाजीत मीठ घालायला विसरत होते. आता लिहिते.

गाई मी आणल्या.

तुझं काम चाललं होतं तेव्हा डॉक्टर कानाबारचं पण चाललं होतं, गीर गाईच्या कासेच्या रोगाचं. तू त्याला दोनतीनदा बघितलं आहेस, पांढरी सफारी, तोंडात कायम पान. तो रोज येऊन डोक्यावर बसायचा. मासी, माझं कधी, मासी, माझं आज. त्याची चौसष्ट कार्डं होती. त्याला मीच म्हटलं होतं, ह्या गावात हा प्रोग्राम मुक्ताशिवाय कुणाला चालवता येत नाही, गप बसा. म्हटलं ते खरंच होतं. ज्याने त्याने मला सांगितलेलं की बाई, तू कोर्टाबाहेर वकिलांचे कागद ठोकणारी, तुझं हे काम नाही. तूच एकटी शेजारी स्टूल ओढून बसलीस आणि शिकवलंस. मग माझ्या अंगात आलं.

मशीनमध्ये जागा संपत आली होती. दोन माणसांच्या दोन पेट्या, एक बंद करून दुसरी उघडायची म्हटलं की पंधरा मिनिटं जायची. मी एक दिवस दोन्ही पेट्या एका नव्या पेटीत ओतल्या. तुला विचारलं नाही. कानाबारला घाई म्हणून त्याची कार्डं आधी ओतली, तुझी मागून. प्रोग्रामने सगळ्यांना एकपासून नवे आकडे दिले. कानाबारच्या चौसष्ट गाई एक ते चौसष्ट. तुझं पहिलं कार्ड झालं पासष्टावं. पण तुझ्या मजकुरात कंसातले आकडे जुनेच. मी हुकूम दिला तेव्हा मशीनने कंसात आकडा बघितला आणि त्या आकड्याचं कार्ड उचललं. त्याचं काही चुकलं नाही. तुझे एक ते चौसष्ट आकडे म्हणजे गाई, त्यापुढच्या सगळ्या शेंगा, पण भलत्याच शेंगा.

तू तेव्हा बांना लकवा झाला म्हणून गावी पळाली होतीस. जाताना म्हणालीस, मासी, शनिवार शेवटची तारीख, तीन प्रती काढून बांधून साहेबांच्या हातात द्या, मला बघायची गरज नाही, तुम्ही बघताय ना. मी दिल्या. साहेबांनी पण तुझ्या भरवशावर सही केली. कुणी पान उलटलं नाही.

पुढचं तुला माहीत आहे, पण मला लिहायला हवं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या त्या साहेबाने तुला सगळ्यांदेखत विचारलं, ओडेदराबेन, तुमच्या शेंगेला आचळं किती असतात. मागे बसलेली पोरं आठ दिवस तेच बोलत होती, दुकानात झेरॉक्स काढायला येऊन माझ्याचसमोर बोलत होती. मग कुणीतरी यादी कानाबारच्या यादीशी ताडून बघितली आणि गंमत संपली. चोरी ठरली. मेर जमातीतल्या घरातली पहिली मुलगी एवढी शिकायला गेली आणि दुसऱ्याची यादी उचलून आणली, असं तुझ्या काकाने लग्नाच्या पंगतीत म्हटल्याचं मला तुमच्या बाजूच्या कुतियाण्याच्या एका बाईने सांगितलं. कॉलेजातली नोकरी हातची गेली. तू आता गावच्या शाळेत मुलांना बेरजा शिकवतेस, हेही तिनेच सांगितलं.

आणि साहेब तुला घेऊन दुकानात आले होते तो दिवस. प्रबंध टेबलावर आपटून त्यांनी मला विचारलं होतं, संदर्भ कुणी घातले. मी म्हटलं, "साहेब, मी सातवी शिकलेली बाई. इंग्रजी मला काय कळतं? समोर असतं ते ठोकते." साहेब म्हणाले, खरंय, हिला काय विचारायचं. तू माझ्याकडे बघितलंस. तू म्हणाली असतीस की हिला येतं, हिला मी शिकवलंय, तर तिथेच निकाल लागला असता. मला वाटलं तू आता म्हणशील. तू पिशवी उचललीस आणि गेलीस.

आजवर मला कुणी अडाणी म्हटलं की मी त्याच्या सात पिढ्या काढायचे. त्या दिवशी मी स्वतःच म्हटलं, आणि मोठ्याने म्हटलं.

हे सगळं मी स्टँपच्या कागदावर लिहून वसावडासाहेबांना दिलंय. पेट्या मी ओतल्या, दक्षाला माहीत नव्हतं. साहेब म्हणाले, कमिटीसमोर यावं लागेल. जाईन. जेंतीभाई म्हणतो दुकानाचं नाव का घातलंस. मी म्हटलं, मग कुठे बसून केलं लिहू, देवळात?

तू फक्त सही कर.

मुक्तामासी


जुनागढ
ता. १२ मार्च २००४

दक्षाबेन,

तुझं पोस्टकार्ड सोमवारी मिळालं. एकच ओळ. "मुक्ताबेन, छापताना तुम्ही पाहिलं होतं का?"

मासीचं मुक्ताबेन झालं, ते बघितलं. ठीक आहे.

चार दिवस मी हे कार्ड पोळपाटाखाली ठेवलंय. मागच्या पत्रात मी एवढं सगळं लिहिलं, तुला वाटलं असेल बाईने पोट रिकामं केलं. मलाही तसंच वाटावं असं वाटत होतं. तू बरोबर तिथेच बोट ठेवलंस जिथे मी लिहिता लिहिता उडी मारून पुढे गेले होते.

हो. पाहिलं होतं.

शुक्रवार होता, दुपार. पहिली प्रत निघत होती. यादीची पानं शेवटी यायला लागली. मी कागद सरळ करत होते आणि एका ओळीत काऊ दिसलं. सी ओ डब्ल्यू. पाचवीच्या पुस्तकात पहिल्या पानावर चित्र होतं, ते अक्षर मी कधी विसरणार? मग खाली परत काऊ. मग मिल्क. मी प्रिंटर थांबवला. मागची पानं काढून बघितली. कानाबारच्या कार्डांवरची नावं मी स्वतः मारलेली, बोटांना पाठ होती. कुठे काय झालंय ते मला तिथेच कळलं, एका क्षणात.

तुझ्या गावच्या सरपंचाकडे फोन होता. नंबर माझ्या वहीत होता. साहेब दोन गल्ल्या सोडून राहायचे. जुन्या पेटीची फ्लॉपी माझ्या खणात होती. ती घालून परत हुकूम दिला असता तर संध्याकाळपर्यंत सगळं निस्तरलं असतं. फार तर रात्र झाली असती. शनिवार अजून आख्खा शिल्लक होता.

पण मग सांगावं लागलं असतं की मी न विचारता पेट्या ओतल्या. बाहेर बाकावर कानाबार पान चघळत बसला होता. साहेब सगळ्यांना सांगत फिरायचे की मुक्ताबेनच्या हातून चूक होत नाही. आणि मी उभी राहून विचार केला, शेंगेचा पाला गाय खातेच की. असेल काहीतरी संबंध. हा विचार मी केला, दक्षा. मला माहीत होतं संबंध नाही. तरी तो विचार मी दोनदा केला आणि प्रिंटरचं बटण दाबलं. मग उरलेल्या दोन प्रती काढल्या. बांधायला स्वतः नेल्या. काळा पुठ्ठा, सोनेरी अक्षरं, तुझं नाव.

आणखी एक. फ्लॉपी झाडलोट करताना सापडल्या हे पण खोटं. तू पिशवी उचलून गेलीस त्याच संध्याकाळी मी त्या घरी आणल्या आणि बाजरीच्या कोठीखाली डब्यात ठेवल्या. फेकून देता आल्या असत्या, तेवढी हिंमत नव्हती. दाखवायची तर त्याहून नव्हती. पाच वर्षं मी त्या कोठीतून बाजरी काढली.

आता कमिटीचं सांगते. परवा बुधवारी झाली. त्याआधी मी जुन्या मशीनला बंद पडलेल्या दुसऱ्या मशीनची मेमरीची पट्टी काढून लावली. तू असतीस तर हसली असतीस. आता दोन्ही प्रोग्राम एकमेकांशेजारी उघडे राहतात. इकडे तुझा मजकूर, तिकडे पेटी. एकेक कंस घ्यायचा, तिकडे कार्ड काढायचं, नाव बघायचं, साल बघायचं, मग पुढचा. दोनशे अकरा कार्डं, अकरा दिवस लागले. डोळे सुजले. प्रत नीट निघाली. ह्या वेळी प्रत्येक पान मी वाचलं. अर्थ सगळा नाही लागला. नावं लागली.

ती प्रत आणि जुनी प्रत शेजारी शेजारी ठेवून वसावडासाहेबांनी कमिटीला समजावलं. तीन जण होते. मधला जाडा, त्याला काही पटेना. तो मला म्हणाला की बेन, तुम्हाला कुणीतरी शिकवून पाठवलंय. सातवी शिकलेली बाई असले प्रोग्राम चालवते, पेट्या ओतते, आकडे बदलते, हे कोण मानेल? पाच वर्षांपूर्वीचा वसावडांचा अहवाल आहे इथे, टाइप करणारीला इंग्रजी येत नाही, तिने स्वतः सांगितलं.

माझंच वाक्य माझ्यासमोर टेबलावर ठेवलं होतं त्याने.

मी म्हटलं, कागद द्या. त्याने जुन्या यादीतलं एक पान पुढे सरकवलं. मी उभं राहून वाचायला लागले. एकेक अक्षर लावत. शाळेत बाई उभं करायच्या तसं. नाव, साल, मग लेखाचं नाव. लांबलचक शब्द आले तिथे अडले, सोडून दिले, पुढे गेले. काऊ म्हटलं, मिल्क म्हटलं. खाली ग्राउंडनट आलं तेही म्हटलं. घाम मानेवरून पाठीत गेला. बाजूचा एक जण खाली बघत होता, हसू लपवत असेल किंवा नसेल. एवढ्या वर्षांत चार पुरुषांसमोर मी असं तोतरं इंग्रजी कधी वाचलं नव्हतं. पान संपवलं आणि म्हटलं, ही गाय आहे आणि ही शेंग आहे, आणि हे मला तेव्हाही कळत होतं.

जाडा लगेच म्हणाला, "कळत होतं तर मग छापलं कसं?"

तुझाच प्रश्न. तुझं कार्ड दोन दिवसांपूर्वी येऊन पडलं होतं आणि मी तुला उत्तर द्यायला घाबरत होते. ते तिथे द्यावं लागलं.

मी म्हटलं, "पाहिलं आणि छापलं. माझं नाव खाली जाऊ नये म्हणून. मुलीचा दोष नाही."

वसावडासाहेब माझ्याकडे बघत होते. त्यांना पण हे नवीनच होतं, त्यांना मी फक्त ओतण्याचं सांगितलं होतं. बाहेर आल्यावर ते तरातरा पुढे निघून गेले. शिपाई मात्र मागे धावत आला आणि म्हणाला, मासी, मोठं काळीज लागतं हो. मी त्याला म्हटलं, काळीज असतं तर शुक्रवारीच बोलले असते, तू तुझं काम कर. उगाच बिचाऱ्यावर ओरडले.

कमिटीने लिहून दिलंय. चोरीचा शेरा काढला. प्रबंध नव्या प्रतीवर पुन्हा तपासायला जाईल, तोंडी परीक्षा पुन्हा होईल. त्यासाठी तुझा अर्ज हवा, तुझ्या हाताची सही हवी, आणि तो एकतीसच्या आत साहेबांच्या टेबलावर हवा. कोरा अर्ज ह्या पाकिटात घातलाय, साहेबांच्या पत्त्याचं तिकीट लावलेलं पाकीट पण. मी कुठे दिसणार नाही. दुकानात तुला यावं लागणार नाही, मी तिथे नाहीच. कमिटीचं ऐकून जेंतीभाईने सांगितलं, मुक्ताबेन, आता नको. मी त्याच्या जागी असते तर पाच वर्षं आधी सांगितलं असतं.

माझ्यावर राग धरून सही टाळू नकोस. राग वेगळा धर, तो तुझा आहे, मी मागणार नाही. पण त्या पानांत शेंगेची पानं मोजत तू शेतात उन्हात काढलेली चार वर्षं आहेत, त्यात माझं काही नाही. माझे फक्त कंस होते.

माफी मागायला बसले होते. चार वेळा लिहून खोडलं, खाली दिसेल तुला काळं. ते वाचायचा प्रयत्न करू नकोस.

वर लिहिलेलं सगळं खरं आहे, ते मी पाहिलं होतं आणि कळून केलं होतं.

लिहून देणार,
मुक्ता देवजी राठोड